चीनमधल्या पाट्यांचं इंग्रजी तपासताय? या चुका टाळा

यीवू, ग्वांगझू किंवा शाओशिंगच्या केचियाओ कापड मार्केटात कामाला असलेल्या, नाहीतर तिकडे मेडिकलला गेलेल्या आपल्या माणसांवर कधी ना कधी ही वेळ येतेच. ओळखीचा हॉटेलवाला, कारखान्याचा मॅनेजर, कॉलेजचं ऑफिस, कुणीतरी वीचॅटवर पाट्यांची यादी पाठवतं आणि म्हणतं, "तुम्हा भारतीयांचं इंग्रजी चांगलं, जरा नजर टाका." आपण नजर टाकतो, दोन स्पेलिंगं सुधारतो, एखादं 'द' घालतो आणि 'ओके' कळवतो. पंधरा दिवसांत ती पाटी भिंतीवर चढते, आणखी पंधरा दिवसांत तिचा फोटो जगभर फिरायला लागतो.

मी सोर्सिंगच्या, म्हणजे माल आणि तो बनवणारे शोधण्याच्या कामात आहे, कारखाने आणि गोदामं फिरणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या पाट्या मी फोटोत नाही, भिंतीवर बघते, आणि त्याच त्या चुका बघून आता खरोखर कंटाळा आलाय. 'चिन्यांना इंग्रजी येत नाही' एवढ्यावर विषय संपवणाऱ्यांचं मला पटत नाही. जवळजवळ प्रत्येक विनोदी पाटीमागे ठरावीक कारण असतं, ते शोधता येतं आणि म्हणूनच टाळताही येतं.

जागा न बघता यादी हातात घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

चिनी भाषेत 'चूकौ' हा शब्द आहे. 'चू' म्हणजे बाहेर पडणं, 'कौ' म्हणजे तोंड. दारावर लिहिला तर तो 'बाहेर जाण्याचा मार्ग', मालावर लिहिला तर 'निर्यात'. चिनी माणसाचा कधीच गोंधळ होत नाही, कारण पाटी कुठे लावली आहे ते त्याला समोर दिसत असतं. एक्सेलच्या चौकोनात मात्र दार नसतं आणि मालही नसतो.

पडद्याचं कापड करणाऱ्या एका कारखान्याने नवं गोदाम बांधलं. युरोपातल्या ग्राहकाचं सेफ्टी ऑडिट तोंडावर आलेलं, म्हणून सगळ्या पाट्या दोन भाषांत करायचं ठरलं. काम गेलं आपल्याकडच्याच एका तरुणाकडे. मुलगा हुशार, चिनी भाषेची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेला, आणि घाईत. यादी लांबलचक होती. त्याने पहिलं काम काय केलं, तर एक्सेलमध्ये 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दाबलं. तोच शब्द पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा, हा त्याचा हिशोब. यादी अर्ध्यावर आली आणि रातोरात काम संपलं.

आता त्या गोदामात 'चूकौ' दोन ठिकाणी होतं. एक रॅकवर, परदेशी जाणारा माल आणि देशांतर्गत विकायचा माल वेगळा ठेवण्यासाठी. दुसरं आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारांवर. दोन्ही ओळींची मिळून एक ओळ झाली आणि यादीत रॅक आधी असल्यामुळे तिचं इंग्रजी झालं 'एक्सपोर्ट'. निळ्या ॲक्रिलिकच्या सुंदर पाट्या बनल्या आणि प्रत्येक आपत्कालीन दारावर 'एक्सपोर्ट' लागलं.

ऑडिटर बाई आल्या तेव्हा मी सोबत होते. त्या पहिल्याच दारापाशी थांबल्या, वर बघितलं आणि विचारलं, हे दार माल चढवण्यासाठी वापरता का? मॅनेजर म्हणाला, नाही. मग यावर एक्सपोर्ट का? दुभाषी मुलीने प्रश्नाचं चिनी केलं तेव्हा 'एक्सपोर्ट'चं पुन्हा 'चूकौ'च झालं! मॅनेजरला ऐकू आलं, "यावर चूकौ का लिहिलंय?" तो चक्रावला. दारावर चूकौ नाही लिहायचं तर काय लिहायचं? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि बोलणं पुढे सरकत नव्हतं. बाईंना वाटलं, काहीतरी लपवतायत. मग त्यांनी प्रत्येक दार उघडायला लावलं, बाहेरचा रस्ता चालून बघितला, नकाशा मागवला. अहवालात शेरा आला की बाहेर पडण्याचे मार्ग नीट दाखवलेले नाहीत. नव्या पाट्या लावून फोटो पाठवेपर्यंत ऑर्डर अडकली आणि पाट्यांचा खर्च दोनदा झाला.

त्या मुलाचं म्हणणं एकच होतं, "डिक्शनरीत एक्सपोर्टच आहे." आहेच. पण कारखाना त्याच्या खोलीपासून बसच्या अंतरावर होता. एकदा जाऊन आला असता तर डिक्शनरी उघडायचीही गरज पडली नसती.

माझी सवय सांगते. यादी आली की मी आधी प्रत्येक जागेचा फोटो मागते. फोटो नसेल तर त्या ओळीला हात लावत नाही, मग समोरचा कितीही घाई करो. आणि यादीत तीन रकाने स्वतः वाढवते: कुठे लागणार, कोण वाचणार, वाचून त्याने काय करायचं. तिसरा रकाना भरता आला की इंग्रजी बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

शब्द सुट्टे करून जुळवणं

चिनी लिपीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. आपल्या मोडीतही नव्हती. ओळ आखून सलग लिहीत जायचं आणि वाचणाऱ्याने शब्द वेगळे करायचे. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना विचारा, एक अक्षर इकडचं तिकडे जोडलं की वाक्याचा अर्थ कसा पालटतो.

ओल्या फरशीवरची प्रसिद्ध पाटी घ्या. चिनीत असतं 'शियाओशिन दी ह्वा': सांभाळा, जमीन निसरडी आहे. पण 'दी' या अक्षराचं दुसरंही काम आहे. त्याचा उच्चार 'द' केला की ते क्रियाविशेषणाचा प्रत्यय होतं, आपल्या 'पूर्वक'सारखं. यंत्राने अक्षरं तशी जोडली आणि पाटी झाली 'काळजीपूर्वक घसरा'. इंग्रजीत 'स्लिप केअरफुली'. ही पाटी चीनभर इतकी दिसली त्याचं कारण हे एवढंच. योग्य इंग्रजी साधं आहे: 'कॉशन, वेट फ्लोअर'.

रेल्वे स्टेशनवर, इस्पितळात, वसतिगृहात उकळलेल्या पाण्याची खोली असते. लोक थर्मास घेऊन तिथे जातात. उकळलेलं पाणी म्हणजे 'कायश्वे'. 'काय' म्हणजे उकळणं, आणि उघडणंही. म्हणून 'ओपन वॉटर रूम'. एकदाच वापरायच्या कप-थाळ्यांच्या विभागावरची पाटीही अशीच बिघडली. तिथल्या 'शिंग' या अक्षराचा अर्थ 'गुणधर्म' होतो आणि 'लैंगिक' असाही. सुट्टी अक्षरं एकेक करून जुळवली आणि सुपरमार्केटात 'अ टाइम सेक्स थिंग' अशी पाटी लागली. बीजिंग विमानतळाच्या आपत्कालीन दारावर 'एरवी प्रवेश नाही' असं म्हणायचं होतं, तिथे 'एरवी'चे तुकडे होऊन 'पीसटाइम' आलं, शांततेच्या काळात प्रवेश नाही.

'गान'ची गोष्ट

सुपरमार्केटात सुक्या मेव्याच्या, सुक्या मालाच्या काउंटरवर इंग्रजीतली ती चार अक्षरी शिवी छापलेली पाटी तुम्ही फोटोत पाहिली असेल. लोकांना वाटतं कुणीतरी मुद्दाम खोडी काढली. तसं नव्हतं.

'गान' या अक्षराचा मूळ अर्थ वेगळाच, आणि 'सुकं' व 'करणं' यांसाठी पूर्वी स्वतंत्र, किचकट अक्षरं होती. १९५६ साली लिपी सोपी करण्याची योजना आली, त्या ओघात ही तिन्ही एकाच साध्या अक्षरात आली. 'करणं' या अर्थाला बोलीभाषेत शिवराळ छटा आहे, तशी ती बऱ्याच भाषांत असते. पुढे संगणक आले. जिनशान या कंपनीचा शब्दकोश आणि भाषांतराचं सॉफ्टवेअर चीनमध्ये घरोघरी वापरलं जाई. त्याच्या २००२च्या आवृत्तीत या अक्षरासमोर सरसकट तीच शिवी येत होती. अमेरिकेतले चिनी भाषेचे प्राध्यापक व्हिक्टर मेअर यांनी हा माग काढला. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीने चूक दुरुस्त केली, पण तोवर पाट्या छापून झाल्या होत्या, आणि छापलेली पाटी कुणी सहज उतरवत नाही.

सुपरमार्केटच्या त्या कर्मचाऱ्याचा काय दोष? त्याने विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला. पण तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून विचारलंय, तर तुमची जबाबदारी त्याच्यापेक्षा जास्त आहे. मी अनुवाद झाल्यावर इंग्रजी ओळ उचलून दुसऱ्या शोधयंत्रात टाकते आणि फक्त चित्रं बघते. सुक्या मेव्याची पाटी असेल तर सुका मेवा दिसायला हवा.

गुळगुळीत इंग्रजीवर भुलणं

जुनी यंत्रं निदान चूक लपवत नव्हती. एका खाणावळीच्या भल्यामोठ्या फलकावर नावाऐवजी 'ट्रान्सलेट सर्व्हर एरर' छापलं गेलं होतं, ते कुणाच्याही लक्षात येईल असं होतं. आताची यंत्रं व्याकरणशुद्ध, ऐटदार इंग्रजी देतात आणि आत अर्थ चुकलेला असतो. नव्या मुलांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण ती फक्त 'वाचायला बरं वाटतंय ना' एवढंच बघतात.

एकच उदाहरण देते, कारण ते जिवावरचं आहे. रंग-रसायनांच्या कोठारावर, गॅस सिलिंडरच्या खोलीवर, कापडाच्या गोदामावर चार अक्षरांची लाल पाटी असते: 'येनजिन येनह्वो'. 'येन' म्हणजे धूर, 'ह्वो' म्हणजे आग. अर्थ असा की इथे विडीकाडी, उघडी ज्योत, ठिणगी काहीही चालणार नाही. पण 'येनह्वो'चा आणखी एक अर्थ शोभेची दारू. त्यामुळे खाली इंग्रजीत येतं 'फायरवर्क्स स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड'. वाक्य निर्दोष. परदेशी पाहुणा वाचतो, फटाके तर आपल्याकडे नाहीत, आणि खिशातून लायटर काढतो. सुरतेहून आलेल्या एका व्यापाऱ्याला मी अशाच पाटीखाली सिगरेट पेटवताना अडवलंय. माणूस बेफिकीर नव्हता. त्याने पाटी वाचली होती.

तिथे 'नो स्मोकिंग, नो ओपन फ्लेम' हवं. सुरक्षेच्या पाटीवर यंत्राचं एक अक्षरही मी तपासल्याशिवाय ठेवत नाही. चीनचं राष्ट्रीय मानक आहे, 'जीबी-टी ३०२४०', सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजीसाठीच केलेलं. पहिला भाग २०१३चा, बाकीचे १ डिसेंबर २०१७ पासून लागू. वाहतूक, पर्यटन, आरोग्य, खानपान, बँका अशा क्षेत्रांतल्या ३,५०० हून अधिक नेहमीच्या ओळी त्यात तयार दिलेल्या आहेत. काम घेणाऱ्या किती जणांनी ते उघडून पाहिलंय, असं विचारलं की उत्तर ऐकून वाईट वाटतं. स्वतःचं इंग्रजी दाखवायची ही जागा नव्हे. मानकात ओळ असेल तर तीच उचला.

मेनूकार्ड

पदार्थाचं नाव आणि पदार्थात काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नवराबायकोच्या फुप्फुसाचे काप' यावर लोक हसतात. छंगदूच्या एका जोडप्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला तो गोमांसाचा आणि आतड्या-जिभेचा थंड पदार्थ आहे, फुप्फुस सहसा नसतंच. 'मापो तोफू'चं 'देवीचे व्रण असलेल्या म्हातारीचा तोफू' करून खाणाऱ्याला काहीच कळत नाही. नाव तसंच ठेवा, खाली एका ओळीत साहित्य लिहा. बीजिंग शहराने २०१२ मध्ये ३,००० हून अधिक पदार्थांच्या इंग्रजी नावांची यादी काढली, तीत बऱ्याच नावांना हीच पद्धत आहे.

आपल्या शाकाहारी लोकांसाठी एक पदार्थ मुद्दाम सांगते. 'फिश फ्लेवर्ड एगप्लांट', म्हणजे 'यूशियांग' वांगं. मासळी आहे समजून आपली मंडळी ते नाकारतात. त्यात मासळी नसते. सिच्वानमध्ये मासळीला लावतात तो मिरचीचं लोणचं, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर यांचा मसाला वांग्याला लावलेला असतो, म्हणून ते नाव. पण त्यात डुकराचा खिमा मात्र बऱ्याचदा घातलेला असतो, आणि तो नावात कुठेच दिसत नाही. मेनू तपासताना मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते. वेटरला विचारून भागत नाही.

छापखान्यात बिघडणारं

तुम्ही अचूक मजकूर दिला तरी पाटी चुकू शकते. रस्त्यावरचं जाहिरातीचं दुकान पाटी बनवतं आणि तिथल्या डिझायनरसाठी इंग्रजी अक्षरं ही नुसती आकृती असते. चिनी मजकूर कुठल्याही अक्षरानंतर तोडून खालच्या ओळीत नेता येतो, म्हणून तो इंग्रजी शब्दही तसाच तोडतो, 'एमर्जन' वर आणि 'सी' खाली. चिनी फॉन्टमध्ये वरचा स्वल्पविराम पूर्ण अक्षराएवढी जागा घेतो. म्हणून 'डोन्ट'मधला 'टी' लांब, एकटा उभा दिसतो. जवळ जाऊन बघा, चीनमधल्या कितीतरी पाट्यांवर हा खड्डा सापडेल.

मी 'डोन्ट' लिहीतच नाही, 'डू नॉट' लिहिते. तो खड्डा पडायला जागाच राहत नाही. वीचॅटवर नुसता मजकूर पाठवत नाही, ओळी तोडून, इंग्रजी फॉन्ट लावून पीडीएफ देते आणि सांगते की टाईप करू नका, आहे तसं चिकटवा. प्रूफचा फोटो आला की प्रत्येक शब्द उलट्या बाजूने अक्षर-अक्षर वाचते, कारण सरळ वाचताना डोळा चूक ओलांडून जातो. शाळेत असंच शिकवलं होतं. वेळ लागतो. लागू द्या.

थोडक्यात उरलेल्या

अपंगांच्या स्वच्छतागृहावर 'डिफॉर्म्ड मॅन' अजूनही जुन्या इमारतींत दिसतं. 'ॲक्सेसिबल टॉयलेट' लिहा, आणि दिसलं तर त्याच दिवशी सांगा.

बीजिंगच्या वांशिक संस्कृती उद्यानाकडे जाणाऱ्या पाटीवर एके काळी 'रेसिस्ट पार्क' होतं. वंश, जमात, धर्म आला की दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बँकेतल्या स्वयंसेवा टर्मिनलला 'टर्मिनेटिंग मशीन' म्हणू नका.

प्रत्येक ओळीत 'प्लीज' नको. आगीच्या वेळी कुणी विनंती वाचत बसत नाही.

रस्त्यांची, स्टेशनांची नावं स्वतः ठरवू नका, शहराची पद्धत बघा. बीजिंग मेट्रोने २०२१च्या शेवटी 'स्टेशन'च्या जागी चिनी उच्चाराप्रमाणे 'झान' लावायला घेतलं तेव्हा तिथल्याच लोकांनी विचारलं की हे वाचणार कोण? चिनी माणूस अक्षरं वाचतो, परदेशी माणसाला 'झान' कळत नाही.

जे चुकीचं नाही ते दुरुस्त करणं

ही चूक इंग्रजी चांगलं येणारे करतात, आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. बागेत पाटी असते, 'इवलंसं गवत स्वप्न बघतंय, त्याला उठवू नका'. लोक हिलाही विनोदी भाषांतर म्हणून पुढे पाठवतात. अहो, मूळ चिनीतही तसंच लिहिलंय! चीनमध्ये बागेतल्या पाट्यांवर गवताला बोलतं करण्याची पद्धतच आहे. भाषांतर करणाऱ्याने ते प्रामाणिकपणे इंग्रजीत आणलं. त्याच्या जागी 'कीप ऑफ द ग्रास' लावून तुम्ही काय मिळवलं?

२००८च्या ऑलिंपिकआधी बीजिंगने आणि २०१०च्या एक्स्पोआधी शांघायने पाट्या सुधारायची मोठी मोहीम घेतली. इस्पितळं, रस्ते, आपत्कालीन दारं यांसाठी ती हवीच होती. पण त्याच काळात या पाट्यांचे फोटो जमवणारे जर्मन अभ्यासक ओलिव्हर राड्टके म्हणत होते की सगळं एकसाची केलं तर चिनी माणूस कसा विचार करतो, ते दाखवणारं काहीतरी हरवेल. मला दोन्ही पटतं, आणि माझा नियम सोपा आहे. वाचणाऱ्याने काही करायचं असेल, पळायचं, थांबायचं, औषध घ्यायचं, तर मानकातली ओळ. फुलाझाडांपाशी मूळ चिनी मजकुराला जपा आणि फक्त व्याकरण सांभाळा.

चुकलेली पाटी दिसली तर

फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी तो अशा ठिकाणी पाठवा जिथे ती बदलली जाईल. इमारतीच्या आतली पाटी असेल तर तिथल्या 'वूये'ला, म्हणजे व्यवस्थापन बघणाऱ्या ऑफिसला. रस्त्यावरची, बसथांब्यावरची, सरकारी जागेतली असेल तर १२३४५ वर फोन करा. चीनच्या बहुतेक शहरांत ही नागरिकांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि बीजिंगसारख्या मोठ्या शहरांत इंग्रजीतही बोलता येतं. बीजिंगमध्ये तर १ जानेवारी २०२२ पासून परकीय भाषेतल्या पाट्यांसाठी कायदाच लागू आहे, त्यामुळे तक्रार कुणी सोडवायची हे ठरलेलं आहे. फोटोत चिनी मजकूर पूर्ण यायला हवा, नुसतं इंग्रजी कापून पाठवलं तर दुरुस्त करणाऱ्याला मूळ काय होतं तेच कळत नाही. सोबत जागा लिहा, मजला लिहा आणि तुमच्या मते योग्य असलेली ओळ टाईप करून द्या, म्हणजे त्यांना पुन्हा यंत्राकडे जावं लागणार नाही.